जुन्या विनोदी मालिकांचे हक्क कोणाकडे असतात आणि अहिराणी डबिंगसाठी ते कसे शोधायचे

विचारणा अशी आहे: अमळनेर-भुसावळकडच्या काही तरुणांना दूरदर्शनच्या जमान्यातल्या विनोदी मालिका आणि जमल्यास एक-दोन जुन्या अमेरिकन सिटकॉम अहिराणीत डब करायच्या आहेत. दाखवायच्या यूट्यूबवर आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्थानिक केबल चॅनलवर. वितरणाचे हक्क कोणाकडे असतात, कोणाला गाठायचे आणि कागद कोणते घ्यायचे, हे त्यांना हवे आहे.

ज्या वाहिनीवर मालिका पाहिली ती वाहिनीच मालक, असे धरून चालू नका. शेतजमिनीचा सातबारा काढला की मालक एका कागदावर दिसतो. मालिकेचा सातबारा देणारे कार्यालय देशात नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद करता येते, पण ती ऐच्छिक असते. नोंद असली तर तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, नसली म्हणून हक्क बुडत नाही. निर्मात्यांच्या संघटनेत शीर्षक नोंदलेले असणे हाही मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून फेरफार आपणच जोडत न्यायचे, मूळ निर्मात्यापासून आज समोर विकायला बसलेल्या माणसापर्यंत, मधला एकही करार न गाळता. धंद्यात याला लिंक डॉक्युमेंट म्हणतात. साखळीत एक कडी कमी असेल तर पुढचे सगळे कागद कितीही शिक्क्यांचे असोत, उपयोगाचे नाहीत.

भुसावळला चित्रपट वितरण नवे नाही. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरकांच्या संघटनेचे नावच या गावाशी जोडलेले आहे. पण सर्किटचा हिशेब इथे तसाच लावू नका. चित्रपटाचे हक्क प्रामुख्याने प्रदेशाने वाटले जातात. मालिकेचे तुकडे पडतात ते माध्यम, भाषा, मुदत, प्रदेश आणि किती वेळा दाखवायचे यांनुसार. एकाच मालिकेचे उपग्रह वाहिनीचे हक्क एकाकडे, इंटरनेटचे दुसऱ्याकडे आणि डीव्हीडीचे तिसऱ्याकडे असू शकतात, आणि तिघेही खरे बोलत असतात. तुम्हाला त्यातले नेमके तीन हवेत: इंटरनेट, केबल आणि अहिराणी डबिंग.

कायद्याचा पाया असा. कॉपीराइट कायदा १९५७ मालिकेला चित्रपटासारखेच धरतो आणि निर्मात्याला तिचा कर्ता मानतो. निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. दिग्दर्शक किंवा नट नव्हे. मोबदला देऊन कोणी मालिका करवून घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर करवून घेणारा पहिला मालक. मुदत ६० वर्षे, आणि ती प्रसारणाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. १९८४ मधला भाग ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत संरक्षित आहे. १९९३ च्या ‘देख भाई देख’चे भाग २०५३ अखेरपर्यंत. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. प्रसारण संस्थेचा स्वतःच्या प्रक्षेपणावरचा वेगळा हक्क २५ वर्षांचा असतो. ‘२५ वर्षे झाली, आता मोकळे’ असे लोक सांगतात ते यावरून. तो हक्क संपला तरी मालिकेचा मूळ कॉपीराइट चालूच राहतो. घरी व्हीएचएसवर टेप केलेली जुनी मालिका आज वापरता येत नाही ती यामुळेच.

आता दूरदर्शन. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण दूरदर्शनवर दिसलेल्या मालिका एकाच पद्धतीने बनलेल्या नाहीत. काही दूरदर्शनने स्वतःच्या केंद्रात, स्वतःच्या निर्मात्यांकडून केल्या, त्या त्यांच्याच. काही बाहेरच्या निर्मात्याला पैसे देऊन करवून घेतल्या. तिथे मालकी साधारणपणे दूरदर्शनची, पण करारात निर्मात्यासाठी काही राखून ठेवले आहे का ते पाहावे लागते. तिसरा प्रकार प्रायोजित मालिकांचा. त्यात निर्माता स्वतःच्या खर्चाने भाग बनवी, प्रक्षेपण शुल्क भरले जाई आणि बदल्यात जाहिरातीची वेळ मिळे. अशा मालिकेत दूरदर्शनकडे बहुधा दाखवण्याचा मर्यादित हक्क असतो आणि मालकी निर्मात्याकडे राहते. १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ प्रायोजित काळातली. १९८८ ची ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. ‘देख भाई देख’ जया बच्चन यांच्या सरस्वती ऑडिओ व्हिज्युअल्सची. अशा मालिकांसाठी पहिले पत्र निर्मितिसंस्थेला किंवा तिच्या वारसांना जायला हवे, दूरदर्शनला नंतर. प्रायोजक कंपनीचे नाव शीर्षकात मोठे असते, पण नुसत्या प्रायोजकत्वाने कॉपीराइट मिळत नाही.

दूरदर्शनची मान्यता साधारणपणे १३ भागांच्या तुकड्यांत मिळत असे. त्यामुळे १ ते १३ भागांचा करार एका अटीवर आणि १४ ते २६ चा दुसऱ्या अटीवर, असे होऊ शकते. मधेच निर्मितिसंस्था बदललेलीही असते. म्हणून पहिला भाग पाहून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक तुकड्यातल्या निदान एका भागाची शेवटची नामावली थांबवून वाचा: निर्माता कोण, वर्ष कोणते, ‘दूरदर्शनसाठी’ असे काही लिहिले आहे का.

प्रकार कोणता हे अधिकृतपणे कळण्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. दूरदर्शन चालवणारी प्रसारभारती सार्वजनिक प्राधिकरण आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मराठी मालिका असेल तर वरळीच्या मुंबई दूरदर्शन केंद्राच्या माहिती अधिकाऱ्याला लिहा, हिंदी असेल तर दिल्लीला. अर्जात कराराची रक्कम विचारू नका. व्यापारी गुपिताचे कारण दाखवून सगळाच अर्ज फेटाळला जाण्याची भीती असते. चारच गोष्टी विचारा: कार्यक्रम स्वनिर्मित, करवून घेतलेला की प्रायोजित, निर्मात्याचे नोंदलेले नाव, कराराची तारीख, आणि पुनर्प्रक्षेपण, इतर माध्यमे व भाषांतर यांविषयीचे कलम. उत्तर त्रोटक आले तर अपील करा. हा एक कागद पुढचे दोन-तीन महिने वाचवतो.

खासगी उपग्रह वाहिन्यांचे चित्र उलटे आहे. वाहिनी दर भागाचे पैसे देते आणि सगळे हक्क कायमचे स्वतःकडे घेते, ही तिथली रूढ पद्धत झाली. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारख्या मालिकेसाठी आधी वाहिनीच्या परवाना विभागाला लिहिणे योग्य. मात्र वाहिनी विकली गेली असेल तर जपून. १९९० च्या दशकात अधिकारी ब्रदर्सनी ‘श्रीमान श्रीमती’ केली ती दूरदर्शनसाठी. पुढे त्यांनी सब टीव्ही काढली आणि २००५ मध्ये ती सोनीकडे गेली. असा व्यवहार दिसला की वाहिनीबरोबर कोणकोणत्या मालिकांची यादी हस्तांतरित झाली ते परिशिष्टात पाहावे लागते. वाहिनी गेली म्हणून संग्रह गेलाच, असे नसते. नव्याने केलेल्या आवृत्तीचाही घोळ होतो. २०२१ मध्ये सोनी सबवर ‘वागले की दुनिया’ नव्या पिढीसह आली. नवी मालिका करण्याचा हक्क आणि १९८८ चे जुने भाग वाटण्याचा हक्क हे दोन वेगळे विषय आहेत. एकाच्या कागदावर दुसरे मिळत नाही.

हाती जुना करार आला की आधी तारीख पाहा. १० मे १९९५ ही तारीख पाठ करण्यासारखी आहे. त्या दिवसापासूनच्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे १९९८ मधले ‘आमच्या मालिकेचे हक्क आपणास दिले’ एवढेच म्हणणारे दोन ओळींचे पत्र २००३ मध्येच संपले असू शकते, आणि ते पत्र दाखवणारा आज तुम्हाला काहीच देऊ शकत नाही. १० मे १९९५ पूर्वीच्या कराराला हा नियम लागत नाही. तो जसा लिहिला तसा वाचायचा. दुसरी तारीख २१ जून २०१२. त्या दुरुस्तीनंतर, जे माध्यम कराराच्या वेळी अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते ते करारात नावानिशी लिहिले नसेल तर हस्तांतरणात येत नाही. १९८० च्या दशकातल्या करारात ‘व्हिडिओ आणि केबलसह सर्व हक्क’ असते, इंटरनेट नसते. अशा कागदावर वाद हटकून निघतो. तो तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून मूळ निर्माता आणि हक्क घेतलेला वितरक, दोघांचीही यूट्यूबसाठी लेखी ना-हरकत घ्या. एकाने नकार दिला तर ती मालिका सोडून द्या. मालिका पुष्कळ आहेत.

आता डबिंग. अहिराणी केल्यावर ते ‘आपले’ होते असा समज आहे, आणि तो मोडायला हवा. संवाद ही साहित्यकृती आहे आणि भाषांतराचा हक्क तिच्या मालकाचा. निर्मात्याने लेखकाकडून तो घेतलेला असेल तरच तो तुम्हाला देऊ शकतो. म्हणून लेखकाच्या कराराची प्रत मागा, आणि तुमच्या करारात ‘सर्व भारतीय भाषा’ असे मोघम न लिहिता ‘अहिराणी (खान्देशी)’ असे नाव घाला. उद्या अहिराणी ही मराठीची बोली म्हणून मराठीच्या हक्कात येते असा दावा मराठीचे हक्क घेतलेल्या वितरकाने केला, तर हाच शब्द तुम्हाला वाचवील. तयार झालेल्या अहिराणी ध्वनिपट्टीची मालकी कोणाची हेही लिहा. मुदत संपल्यावर मालक ती ध्वनिपट्टी परत मागतो. निदान तुमचा डबिंगचा खर्च वसूल होईपर्यंत दुसऱ्याला द्यायची नाही, अशी अट तुम्ही मागा.

तांत्रिक अडचण त्याहून मोठी. डबिंगसाठी संवाद सोडून बाकीचे आवाज आणि संगीत वेगळे असलेली पट्टी लागते. स्टुडिओत तिला एम अँड ई ट्रॅक म्हणतात. परदेशात विकण्यासाठी बनलेल्या अमेरिकन मालिकांची ती बहुधा मिळते. दूरदर्शनच्या काळातल्या मालिकांत संवाद, शीर्षकसंगीत, कपबशीचा आवाज आणि हशा एकाच पट्टीत मिसळलेले असतात. संवाद काढले की सगळेच जाते. मग २२-२४ मिनिटांच्या भागासाठी दारे, पावले, भांडी, रस्ता आणि हशा नव्याने भरावा लागतो, आणि हशाही परवाना असलेल्या ध्वनिसंग्रहातूनच घ्यावा लागतो. हे काम आवाज देणाऱ्यांच्या कामापेक्षा जास्त वेळ खाते. करार सही करण्याआधी एक भाग मागवून त्याची पट्टी ऐका. अमेरिकन टेप असेल तर वेगही तपासा: ती सेकंदाला २९.९७ फ्रेमची, आपली पद्धत २५ ची. रूपांतर नीट न करता डब केले तर भागाच्या शेवटी आवाज ओठांपासून सरकलेला दिसतो.

संगीत वेगळे तपासायचे. मालिकेसाठीच रचलेले शीर्षकगीत बहुधा निर्मात्याच्या करारात असते. पण एखाद्या भागात पार्श्वभूमीला चित्रपटगीत वाजले असेल तर त्याची परवानगी त्या वेळच्या प्रक्षेपणापुरतीच घेतलेली असू शकते. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही रेडिओ स्टेशनवरची अमेरिकन मालिका (१९७८ ते १९८२) यामुळेच पुढच्या आवृत्त्यांत मूळ गाण्यांऐवजी दुसरे संगीत भरून आली. तुमच्या बाबतीत सोपा उपाय हाच: असे गाणे असलेला भाग यादीतून गाळा किंवा तेवढे संगीत बदला, आणि बदलण्याची मुभा करारात घ्या.

अमेरिकन मालिकांबद्दल सांगायला बरेच आहे, कारण तिथली मालकी अनेकदा हिंडली आहे. ‘आय लव्ह लूसी’ १९५१ मध्ये सीबीएस या नेटवर्कवर, म्हणजे देशभर दिसणाऱ्या मोठ्या वाहिनीवर, सुरू झाली. तिचे मुख्य कलाकार डेसी अर्नाझ आणि ल्युसिल बॉल यांनी मानधन कमी घेऊन चित्रित भागांची मालकी स्वतःच्या डेसिलू कंपनीकडे ठेवली. पुढे तीच त्यांनी सीबीएसला विकली. पुनर्प्रक्षेपणात पैसा आहे हे त्या व्यवहाराने धंद्याला दाखवले. १९७० मध्ये तिथल्या नियामकाने नेटवर्कना मालिकांच्या मालकीपासून आणि पुनर्वितरणापासून दूर ठेवणारे नियम केले. म्हणून सीबीएसने १९७१ मध्ये आपला वितरण विभाग व्हायकॉम नावाने वेगळा काढला. ते नियम १९९३ पासून सैल होत गेले. या मधल्या काळातल्या मालिका ज्या नेटवर्कवर दिसल्या त्यांच्या क्वचितच आहेत. निर्माते नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ सीबीएसवर चालली, पण लिअर यांच्या कंपन्या १९८५ मध्ये कोका-कोलाने घेतल्या. तेव्हा कोलंबिया स्टुडिओ कोका-कोलाचाच होता, आणि १९८९ मध्ये तो सोनीकडे गेला. ‘मेरी टायलर मूर शो’ची एमटीएम कंपनी १९८८ मध्ये एका ब्रिटिश टीव्ही कंपनीने घेतली, मग ती एका अमेरिकन केबल कंपनीकडे, १९९७ मध्ये फॉक्सकडे आणि २०१९ मध्ये फॉक्सबरोबर डिस्नेकडे गेली. ‘साइनफेल्ड’मध्ये तर चार नावे वेगळी आहेत: दाखवली एनबीसीने, निर्मितिसंस्था कॅसल रॉक आज वॉर्नरच्या घरात, वितरण सोनीचे, आणि २०२१ पासून स्ट्रीमिंग नेटफ्लिक्सवर.

आपल्याकडे हिंदीत पाहिलेल्या मालिकांपैकी ‘बिविच्ड’ आणि ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ मूळ स्क्रीन जेम्सच्या, म्हणजे आता सोनीच्या. त्या इथे दिसल्याही सोनी वाहिनीवर, म्हणजे वाहिनी आणि मालक एकाच घरातले निघाले. ‘स्मॉल वंडर’ स्टारवर दिसली. मूळ मेट्रोमीडियाची, नंतर फॉक्सची आणि आता डिस्नेच्या घरात. हिंदी डबवरून अहिराणी करायचा विचार असेल तर त्या हिंदी संवादांची परवानगी वेगळी लागते. थेट इंग्रजी संवादयादीवरून काम करणे कायद्याने आणि भाषेनेही चांगले.

स्पष्ट सांगायचे तर, मोठे अमेरिकन स्टुडिओ छोट्या चॅनलला एक मालिका सुटी देण्याच्या फंदात सहसा पडत नाहीत. ते पॅकेज विकतात आणि किमान रकमेची हमी मागतात. शिवाय परदेशी मालकाला रॉयल्टी पाठवताना आधी आयकर कापावा लागतो (अमेरिकेशी असलेल्या करारानुसार, मालकाने आवश्यक दाखले दिले तर १५ टक्के), आणि १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. सुरुवात भारतीय निर्मात्यापासून करा.

‘पब्लिक डोमेन’ म्हणून इंटरनेटवर पडलेल्या अमेरिकन भागांचा मोह होतो. १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कृतीचे तिथे २८ व्या वर्षी नूतनीकरण करावे लागे आणि ‘बेव्हर्ली हिलबिलीज’च्या सुरुवातीच्या बऱ्याच भागांचे ते राहून गेले, हे खरे. पण त्याच भागांचे शीर्षकगीत संरक्षित राहिले. म्हणून स्वस्त डीव्हीडींवर ते काढून दुसरे संगीत घातलेले असते. भाग मोकळा असला तरी आतली प्रत्येक वस्तू मोकळी नसते.

मालक सापडला की पैसे देण्याआधी एवढे करा. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती जिवंत आहे की नोंदीतून काढली गेली ते पाहा, आणि तारणांची नोंदही पाहा. मालिकांचे हक्क बँकेकडे गहाण असू शकतात. भागीदारी संस्था असेल तर सर्व भागीदारांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या सह्या घ्या. एका मुलाने सही केली आणि बहिणीने नंतर नोटीस पाठवली, असले वाद याच वाटेने येतात. मग एका मुंबईच्या दैनिकात आणि एका सिनेव्यवसायाच्या साप्ताहिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या, हरकतीसाठी १५ दिवस ठेवा. मास्टर टेप कोणाकडे आहेत ते स्वतंत्र विचारा, कारण हक्क एकाकडे आणि यू-मॅटिक किंवा बीटाकॅम टेपा भलत्याच स्टुडिओच्या कपाटात, हे नेहमीचे. टेप ओलाव्याने चिकटलेल्या असतात. त्या तशाच यंत्रात घातल्या तर चुंबकीय थर सोलून निघतो. भाग एकेक करून उतरवून तपासून घ्या आणि रकमेचा मोठा हिस्सा त्या तपासणीनंतरच द्या.

करारात भागांचे क्रमांक, माध्यमे (जाहिरातींसह मोफत इंटरनेट आणि केबल, वेगवेगळे लिहून), प्रदेश, मुदत, भाषा आणि काटछाटीची मुभा हवी. ‘हक्क माझेच आहेत, तिसऱ्याने दावा केल्यास भरपाई मी देईन’ हे हमीचे कलम सोडू नका. यूट्यूबसाठी आणखी एक ओळ लागते: मालकाने किंवा त्याच्या डिजिटल वितरकाने तुमचे चॅनल त्यांच्या कंटेंट आयडीत (हक्काचा मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत) व्हाइटलिस्ट करावे, म्हणजे दाव्यातून वगळावे. ही ओळ नसली तर परवाना हातात असूनही यंत्रणा दावा लावते आणि जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. परवाना नसताना चित्र उलटे फिरवणे, कडा कापणे, आवाज चढवणे किंवा खाली ‘श्रेय मूळ मालकाला’ लिहिणे, यांतल्या कशालाही संरक्षण नाही. ९० दिवसांत तीन स्ट्राइक (हक्कभंगाचे इशारे) आले तर चॅनल बंद होऊ शकते.

केबलवाल्यांनी हे लक्षात ठेवावे: वाहिनी पुढे पोहोचवण्याचा करार म्हणजे तिचा कार्यक्रम रेकॉर्ड करून स्वतःच्या चॅनलवर लावण्याची परवानगी नव्हे. केबलवरून घरोघर व्हिडिओ दाखवणे हे जनतेपुढे सादर करणेच आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्येच गरवारे प्लास्टिक्सच्या खटल्यात सांगितले आहे. उल्लंघनाला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. गणेश मंडळात तिकीट न लावता दाखवले तरी सूट मिळत नाही. धार्मिक समारंभाची सवलत नाटक-संगीतासाठी आहे, चित्रित मालिकेसाठी नाही.

मालक शोधूनही सापडला नाही तर कलम ३१-ए खाली न्यायालयाकडे परवाना मागता येतो, भाषांतरासहित. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रस्ताव छापावा लागतो. वेळ आणि वकिलाचा खर्च पाहता एका मालिकेसाठी हा मार्ग परवडत नाही.

तुमच्यासाठी याहून चांगला एक रस्ता मोकळा आहे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कथांचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. मुंबई दूरदर्शनची १९७० च्या दशकाच्या अखेरची ‘चिमणराव’ मालिका अजून २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत संरक्षित आहे. तिचे प्रसंग, पटकथेतली भर, संगीत, काहीही उचलायचे नाही. पण मूळ कथांवरून अहिराणीत नवी मालिका लिहायला, चित्रित करायला आणि तिचे सगळे हक्क स्वतःकडे ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. कथा जुन्या आवृत्तीतून घ्या; नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा त्या-त्या लेखकाच्या, चित्रे चित्रकाराची. लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेल्या कथांची ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजतात, तेव्हा प्रत्येक कथेसमोर तिच्या पहिल्या प्रकाशनाचे वर्ष लिहून यादी करा आणि त्या पानाची छायाप्रत फाइलला लावून ठेवा.